कॅथेड्रलचं तेल

लुकास मास्तरांना 'बरोबर' म्हटलेलं चालत नसे. बोलता बोलता आपण मान डोलावून "बरोबर आहे, मास्तर" म्हणालो, की ते थांबायचे, चष्म्यावरून आपल्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर नका म्हणू. व्हय म्हणा." मला आधी वाटलं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. आमच्या खात्यातही असे निवृत्तीला टेकलेले लोक होते. एकाला पंख्याखाली बसायचं नसे, दुसऱ्याला निळी शाई चालत नसे. मास्तरांचंही तसलंच काहीतरी असणार असं धरून मी 'व्हय' म्हणायला शिकलो. पुढं पुढं घरी, पुंडलिकनगरातही तोंडातून 'व्हय' निघायचं, आणि बायको म्हणायची, आज छावणीत गेला होतात वाटतं.

मी तेव्हा पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. पावसानं सलग दोन वर्षं दगा दिलेला, धरणाचा तळ दिसायला लागलेला, आणि शहर मात्र चारी दिशांना सुटलेलं. काल जिथं तुरीचं रान होतं तिथं आज प्लॉटिंगचे दगड, उद्या बंगले, आणि परवा त्या बंगल्यांतली माणसं हंडे घेऊन आमच्या कचेरीच्या दारात. लोकांच्या शिव्या खायच्या आणि वरिष्ठांना 'हो साहेब' म्हणायचं, एवढंच माझं अभियांत्रिकीचं ज्ञान त्या उन्हाळ्यात कामाला आलं. मग आदेश निघाला, शहरातल्या ज्या खाजगी विहिरींना पाणी आहे त्या ताब्यात घ्या आणि तिथून टँकर भरा. माझ्या वाट्याला छावणीकडचा भाग आला, आणि त्यात कॅथेड्रलच्या आवारातली विहीर.

त्या आवारात मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. नाताळात रस्त्यावरून रोषणाई बघायची, एवढाच संबंध. आत गेलो तर निंबाखाली विहीर, आणि विहिरीच्या कठड्यावर छत्री उघडून बसलेला एक उंच, वाळका माणूस. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पांढरा सदरा, पायजमा, आणि डोक्यावर पांढरे, इतके कोरडे केस की वारा नसतानाही उभे राहिलेले.

"कोण पायजे?" त्यानं विचारलं.

"ही विहीर ताब्यात घ्यायची आहे. आदेश आहे."

"ताब्यात म्हंजी? उचलून नेता का?"

मी उन्हातनं आलो होतो, चिडलोच. टँकर, मोटर, पाइप, सगळं सरकारी भाषेत ऐकवलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बिशपसाहेबांनी कालच सांगितलं, पाणी सगळ्यांचं हाय, देऊन टाका. पर माझी एक अट हाय. गुड फ्रायडेला दुपारी मोटर बंद ठिवायची."

"का?"

"त्या टायमाला आत ख्रिस्त मरत असतो. अन् भायेर तुमची मोटर भकभक करती. बरं दिसतं का ते?"

मी कबूल केलं. हा इथला कुणी मोठा अधिकारी असणार अशी माझी समजूत. ते तिथं कुणीच नव्हते, हे नंतर कळलं. तरुणपणी ते कन्नडच्या पुढं एका गावात कॅटेकिस्ट होते. कॅटेकिस्ट म्हणजे गावातल्या ख्रिस्ती वस्तीला प्रार्थना आणि धर्म शिकवणारा, फादर नसतील तेव्हा सगळ्यांची विचारपूस करणारा माणूस. गावात त्याला मास्तर म्हणतात, आणि ती पदवी जन्मभर चिकटते. पुढं ते काम सोडून मास्तर शहरात आले, फादरांच्या शाळेच्या कचेरीत लागले, निवृत्त झाले, आणि आवाराच्या भिंतीमागच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. बायको लवकर गेली होती. मुलगी अग्नेस सरकारी दवाखान्यात नर्स होती. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर पोरांना धर्मशिकवण द्यायची आणि उरलेला आठवडा कॅथेड्रलवर लक्ष ठेवायचं, हे त्यांनी स्वतःच स्वतःला नेमून दिलेलं काम.

विहिरीवर टँकर लागायला लागले आणि मास्तरांनी तेही काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा एका बिल्डरचा टँकर आला. ड्रायव्हरकडं कुणा वजनदार माणसाचा फोन, माझ्या साहेबांचा मला फोन, भरून द्या म्हणून. मी काय करणार, मान खाली घालून पाइप जोडायला सांगितलं. मास्तर उठले आणि व्हॉल्व्हवर जाऊन बसले. छत्रीसकट.

"बांधकामाला का?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"हां चाचा, स्लॅब है."

"तुला तहान लागली का?"

"लगी तो है."

"मंग बस, पोटभर पी. मालकाला बी पाठव, त्यालाबी पाजतो. सिमेटाला पाजायचं पाणी हितं नाय."

ड्रायव्हर हसला, खरोखर पाणी प्याला, आणि रिकामा टँकर घेऊन निघून गेला. साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी झापलं. पण आयुष्यात थोडीशीच बोलणी अशी असतात जी खाताना बरं वाटतं, त्यातली ती होती. मी मास्तरांना ते सांगितलं आणि म्हणालो, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "व्हय म्हणा, साहेब," एवढंच म्हणाले आणि छत्री मिटून घराकडं गेले.

दुपारी विहिरीवर मी डबा खायचो, ते भाकरी खायचे. भाकरी आणि लसणाची चटणी, कोरडी. आमच्याकडं चटणीवर तेलाची धार सोडल्याशिवाय घास उतरत नाही, मी माझ्या डब्यातली तेलाची बाटली पुढं करायचो. "तेल नको." रोज तेच. आधी मला वाटलं डॉक्टरांनी मनाई केली असेल. मग कळलं, डोक्याला नाही, अंगाला नाही, थंडीत हातापायांना भेगा पडतात तेव्हाही नाही. त्यांचे तळहात मी पाहिलेत. जुन्या भेगा, नव्या भेगा, कडा पांढऱ्या पडलेल्या. अग्नेस वैतागायची. "दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या अंगाला मलम लावते, आणि घरी बापाचे हात बघा," म्हणायची. मास्तर हात मुडपून घ्यायचे. मुठी वळून बसायची त्यांना सवयच होती. बोलतानाही हातवारे नाहीत, दोन्ही मुठी मांडीवर.

त्यांची आणखी एक ख्याती होती. छावणीतलं कुणीही ख्रिस्ती माणूस आजारी पडलं, की मास्तर फादरांना घेऊन हजर. मरणाच्या दारातल्या माणसाला फादर तेल लावतात, कपाळाला आणि तळहातांना, आणि प्रार्थना म्हणतात. ते मिळाल्याशिवाय कुणी जाऊ नये, असा मास्तरांचा ध्यासच होता. फादर जेवत असोत, झोपलेले असोत, मास्तर त्यांना मोटरसायकलवर बसवायचे आणि मागं स्वतः बसायचे. अँथनी म्हणून एक म्हातारा बँडवाला होता. त्याच्या छातीत कळ आली म्हणताच मास्तर भर दुपारी फादरांना पंगतीवरून उठवून घेऊन गेले. अँथनीनं तेल लावून घेतलं, मोठा ढेकर दिला, उठून बसला आणि चहा मागितला. आदल्या दिवशी लग्नात त्यानं जिलेबीवर आडवा हात मारला होता. फादर हसून हसून बेजार. मास्तर मात्र हसले नाहीत. "ढेकर आला तर आला," म्हणाले. "उशीर झाला असता तर?"

त्यांचा तो प्रश्न गंमत म्हणून मी घरी सांगितला होता. पुढं त्याची गंमत उरली नाही.

ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह जवळ आला. मोटर बंद ठेवायच्या गोष्टीची आठवण करून द्यायला मास्तरांनी मला निरोप धाडला, आणि मी गेलो तर आवार गाड्यांनी भरलेलं. कन्नड, सोयगाव, वैजापूर, कुठल्या कुठल्या गावांचे फादर पांढऱ्या झग्यांत निंबाखाली उभे. मी परत फिरणार होतो, पण मास्तर म्हणाले, "आलाच तर बघा. आज तेलाचा दिवस हाय."

आत मागच्या बाकावर त्यांनी मला बसवलं. स्वतः शेजारी बसले आणि हळू आवाजात सांगत राहिले. हे चर्च इंग्रजांच्या पलटणीतल्या गोऱ्या सोल्जरांसाठी झालं, असं ते म्हणायचे. पुढं फ्रान्सहून फादर आले, घोड्यावर, बैलगाडीत, पायी, निजामाच्या राज्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून हिंडले. "त्येंचं मराठी ऐकून म्हशी बुजायच्या म्हणं. पर आमच्या झोपडीत बसून आमच्या ताटातली भाकर खायचे. तसं त्याच्याआधी कोण बसलं होतं?" मास्तरांचा आजा पहिल्यांदा इथं आला तेव्हा फादरांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. जन्मभर लोकांसमोर जमिनीवर बसलेला माणूस, त्याला बाकावर बसताच येईना. अंग चोरून बसला, मग हळूच खाली सरकला. "मंग फादर बी खाली बसले, त्याच्यापाशी. आमच्या घरात हीच गोष्ट सांगून लेकरं मोठी करतात."

"पण तेव्हा हे कॅथेड्रल नव्हतं?" मी विचारलं.

त्यांनी वेदीच्या बाजूला ठेवलेल्या एका उंच पाठीच्या खुर्चीकडं हनुवटीनं खूण केली. "ती खुर्ची दिसती का? बिशपाची. ती जिथं असती ते कॅथेड्रल. बाकी कितीबी मोठं बांधा, खुर्ची नसंल तर नुसतं चर्च. पयलं आमचे बिशप लांब वऱ्हाडात. तेल बी तिकडून यायचं. मंग इथं बिशप नेमले, खुर्ची आली. इमारत तीच, भिंती त्याच. पर त्या दिवशी आमच्या गावचे लोक ट्रकमधी बसून आले अन् भिंतींना हात लावून रडले. आता तेल आपल्या शहरातून येणार म्हणून."

वेदीवर तेलाचे तीन मोठे घडे आणून ठेवले होते. एक आजाऱ्यांचं, एक स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, घेणाऱ्यांचं, आणि एक सुगंधी, अभिषेकाचं. त्या तिसऱ्या घड्यावर बिशपांनी वाकून फुंकर घातली तेव्हा एवढी गर्दी असून पंख्यांचाच काय तो आवाज येत होता. वर्षातून एकदाच हे तेल आशीर्वादित होतं, आणि इथून लहान बाटल्यांत भरून गावोगावच्या चर्चमध्ये जातं. मग वर्षभर कुठल्याही वस्तीत लेकरू जन्मलं किंवा माणूस जायला निघालं, की हेच तेल. मी देवळातला माणूस, तीर्थ-अंगाऱ्यात वाढलेला, मला ते लगेच समजलं. एका घड्यातनं सगळ्या गावांच्या कपाळापर्यंत पोचणारी ती वाट मला आवडली. मी तसं मास्तरांना म्हणालो.

मिस्सा संपली, फादर लोक आपापल्या बाटल्या घेऊन बाहेर पडायला लागले. त्यांना वाट द्यायला मास्तर उभे राहिले आणि प्रत्येक बाटली जवळून जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर आम्ही विहिरीवर जाऊन बसलो, आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं.

खुर्ची आल्यानंतरच्या दहा वर्षांतली गोष्ट. असाच दुष्काळ होता. मास्तर गावात कॅटेकिस्ट, तरुण, उत्साही. तेलाच्या मिस्सेला ते फादरांबरोबर शहरात आले. फादरांना इथं एक काम निघालं, म्हणून त्यांनी बाटल्या मास्तरांच्या हवाली केल्या आणि म्हणाले, तू पुढं जा, वेदी झाडून घे, मी मागच्या एसटीनं येतो. मास्तर बाटल्यांची पिशवी छातीशी धरून कन्नडला उतरले, तिथून जीपनं गावात. घरी पोचले तर माय हागवणीनं अंथरुणाला खिळलेली. गावची विहीर आटलेली, लोक नाल्यातल्या झऱ्यातलं पाणी पीत होते, त्यानं वस्तीत घरोघर हेच. डॉक्टर नाही, गाडी नाही. बघता बघता तिचे डोळे खोल गेले.

"तिनं पिशवी वळखली," मास्तर म्हणाले. "चर्च तीच झाडायची, तिला सगळं म्हाईत. म्हणाली, तेल आणलं का रं? म्हणलं, आणलं. म्हणाली, मंग लाव की. अन् असे दोन्ही हात म्होरं केले." त्यांनी हात दाखवले नाहीत. मुठी मांडीवरच होत्या. "म्हणलं, माय, मी फादर नाय. मला लावता येत नाय. फादर मागच्या गाडीनं येऊ लागलेत. ती म्हणाली, तुझाच हात लाव, देवाला चालतंय. म्हणलं, नाय चालत माय. मीच शिकिवतो लोकांना. मी कसं मोडू?"

फादरांची एसटी वाटेत बंद पडली होती. मास्तर मायच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणत राहिले. बाटली कोनाड्यात. माय पुन्हा काही बोलली नाही, पण हात तसेच, गोधडीवर उघडे. दुपार कलताना ती गेली. फादर दिवेलागणीला आले.

"फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठिवला अन् म्हणले, बरोबर केलंस लुकास."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. ईस्टरच्या दिवशी फादरांनी वेदीवरून हीच गोष्ट सांगितली. सख्खी आई समोर मरत असताना ज्यानं आज्ञा मोडली नाही असा आपला मास्तर. लोक भारावले. आसपासच्या गावांत गोष्ट गेली. सगळ्या कॅटेकिस्टांचा मेळावा भरला, तिथं मास्तरांचा सत्कार झाला, मनगटी घड्याळ मिळालं. जो भेटेल तो म्हणायचा, बरोबर केलं.

"ते घड्याळ मी गावच्या विहिरीत टाकलं. पाणी नव्हतंच. खडकावर पडल्याला आवाज आला." मग म्हणाले, "काम सोडलं. इकडं आलो."

मी म्हणालो, मास्तर, तुमचा देव एवढा कोता नसेल. तेलावाचून अडून बसला नसेल. मला खरोखर तसंच वाटत होतं, आणि त्या कोण कुठल्या फादरचा रागही आला होता.

"देवाचं देव बघंल," मास्तर म्हणाले. "हात तिनं माझ्याम्होरं केले होते."

पुढं पाऊस झाला, विहिरीवरची मोटर आम्ही काढून नेली, माझी बदली दुसऱ्या विभागात झाली. पण आठवड्यातून एखादी चक्कर मी मारायचोच. मास्तर थकत चालले होते. रविवारची शिकवण त्यांनी सोडली नव्हती. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा, कन्नडकडच्याच वस्तीतला पण इथं बोर्डिंगात वाढलेला, शिकून फादर झाला आणि त्याची नेमणूक इथंच, कॅथेड्रलमध्ये झाली. फादर प्रकाश. लाजरा, उंच, वय तिशीच्या आतबाहेर. मास्तर त्याला सगळ्यांदेखत 'फादर' म्हणत, वाकून त्याचा आशीर्वाद घेत, आणि कुणी नसलं की "पकाश, दाढी नीट कर रं" म्हणत. तो मुकाट्यानं दाढी नीट करून यायचा.

पुन्हा पावसानं पाठ फिरवली. या खेपेचा दुष्काळ आधीच्यापेक्षा वाईट. परगावी रेल्वेनं पाणी पोचवल्याच्या बातम्या यायला लागल्या. मधल्या काळात शहर आणखी पसरलं होतं, छावणीच्या आसपास जो तो बोअर घेत होता, आणि कॅथेड्रलची विहीर, जी आधीच्या दुष्काळात शहराला पुरली होती, ती त्या चैत्रात कोरडी पडली. मास्तर खाटेवरून उठू शकत नव्हते. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. अग्नेसनं त्यांना विहिरीचं सांगितलं नव्हतं, पण टँकर आवारात पाणी घ्यायला येत नाही, द्यायला येतो, हे त्यांना आवाजावरून कळलं. "भरल्याली गाडी जड वाजती," मला म्हणाले.

अग्नेस मला दारातच थांबवून रडायला लागली. बाबा तेल घेत नाहीत म्हणाली. फादर प्रकाश दोनदा येऊन गेले, बाबांनी नको म्हणून सांगितलं. "काका, तुमचं ऐकतात. तुम्ही सांगून बघा ना." मला हसावं की रडावं कळेना. ज्यानं छावणीतल्या प्रत्येक माणसासाठी फादरांना ताटावरून उठवलं, तो स्वतः नको म्हणतोय, आणि त्याला समजावायला मिळाला कोण, तर मी, संकष्टीला उपास करणारा.

तरी बसलो जवळ. म्हणालो, "मास्तर, अग्नेससाठी तरी."

"आधी तिला," ते म्हणाले.

कुणाला ते मी विचारलं नाही. त्यांची माय जाऊन तीस वर्षं होत आली होती.

दुपारी फादर प्रकाश तिसऱ्यांदा आले. हातात ती लहान बाटली. मी उठायला लागलो तर मास्तरांनी डोळ्यांनीच बस म्हणून खुणावलं. अग्नेस पायाशी उभी होती, हातात एक धुतलेलं फडकं घेऊन.

"मास्तर, तेल लावू का?" फादरांनी विचारलं. आवाज एखाद्या विद्यार्थ्याचा.

"आधी तिला लाव."

"मेलेल्या माणसाला लावता येत नाही, मास्तर."

"मला म्हाईत हाय. मीच शिकिवलंय तुला." धाप लागली, ते थांबले. मुठी छातीवर घट्ट. "अन् ज्याला नको त्याला?"

फादर खाली बघत राहिले. "त्यालाही लावता येत नाही. जबरदस्तीनं नाही देता येत."

"मंग झालं तर. मला नको."

फादर गेले नाहीत. खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसले, बाटली दोन्ही हातांत धरून. खिडकीबाहेर टँकर आला, बायकांचा गलका झाला, पाइपातून पाणी पडत राहिलं. मास्तरांचा श्वास मोठा होत चालला होता, मधे थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. अग्नेस नर्स होती, तिला त्याचा अर्थ कळत होता. मलाही कळत होता. फादर प्रकाश प्रार्थना पुटपुटत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

मास्तरांनी डोळे उघडले. बराच वेळ ते त्या पोराच्या तोंडाकडं आणि त्याच्या हातातल्या बाटलीकडं बघत राहिले. मी मास्तरांचा चेहरा इतकी वर्षं पाहिला होता, पण तसं बघताना कधी पाहिला नव्हता. तिथं नेमकं काय चाललं आहे ते आधी त्यांच्या लक्षात आलं, मग माझ्या.

"पकाश."

"हां, मास्तर."

"मी नाय म्हणलो, म्हणून तू लावलं नाय. व्हय ना?"

"व्हय."

"मी गेल्यावर बिशप तुला काय म्हणतील?"

फादरांनी बाटली आणखी घट्ट धरली.

"बरोबर केलंस म्हणतील," मास्तर म्हणाले. "समदे म्हणतील. मरस्तवर म्हणतील."

मग त्यांनी छातीवरच्या मुठी सोडल्या. एकेक बोट उघडायला त्यांना कष्ट पडत होते, अग्नेस पुढं सरकली तर त्यांनी मानेनं नको म्हटलं. दोन्ही तळहात उताणे करून त्यांनी चादरीवर ठेवले.

"लाव," ते म्हणाले. "माझ्यासाठी नाय. लाव लवकर."

फादरांनी घाईनं बाटली उघडली, पहिला थेंब चादरीवर पडला. मग कपाळाला लावलं, मग उजव्या हाताला, मग डाव्या. लावता लावता ते प्रार्थना म्हणत राहिले. मास्तरांनी 'आमेन' म्हटलं की नाही मला ऐकू आलं नाही. ते वर आढ्याकडं बघत होते. त्यांना शांती मिळाली असं मी म्हणणार नाही, चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. फक्त हात त्यांनी पुन्हा मिटले नाहीत.

मी बाहेर पडण्याआधी दारातून एकदा मागं पाहिलं. फादर प्रकाश गुडघ्यांवर बसले होते, डोकं खाटेच्या कडेला टेकवून. मास्तरांचे दोन्ही हात चादरीवर तसेच उघडे होते. अग्नेस तेल टिपायला फडकं घेऊन वाकली होती आणि तशीच थांबली होती, कारण टिपायला काही उरलं नव्हतं. भेगांत ते केव्हाच जिरून गेलं होतं.